सोनघंटा आणि रानडे

आपल्या धुऱ्यावर पेटारी उगवते ना, तिचंच भावंड म्हणजे सोनघंटा. कपाशीच्याच कुळातलं झुडूप. पिवळ्या-केशरी लोंबत्या घंटा, त्यावर लाल शिरा. अख्ख्या जगात फक्त आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रीत. आंबोलीत ते गोळा केलं रानडे नावाच्या मराठी माणसानं. १८९४ साली वुड्रो आणि स्टाप्फ या साहेबांनी शास्त्रीय नाव दिलं, अब्युटिलॉन रानडेई. एरवी मान साहेबालाच! शिवनेरीची शिंदळ माकुडी गव्हर्नर फ्रेअरच्या नावावर गेली. रानडेंचं नाव राहिलं, झुडूप मात्र आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आणि आपण? तणनाशक मारून धुरे साफ करतोय. यवतमाळच्या धुऱ्यांवर काय काय उगवायचं, हे कोणी लिहून ठेवलंय का? तुमच्याकडे पेटारी उरली असेल तर गावाच्या नावासकट फोटो टाका.