दोन खेळांचा धनी

आमच्या कळंब-कर्जत परिसरातील पालक आम्हांस अधूनमधून विचारतात, मुलाने एकच खेळ धरावा की दोन? अशा वेळी आम्हांस नंदू नाटेकर आठवतात.

सांगलीस १९३३ साली जन्मलेले नाटेकर बॅडमिंटनपटू म्हणून सर्वश्रुत असले, तरी त्यांचा पहिला खेळ टेनिस. १९५१-५२च्या राष्ट्रीय कुमार स्पर्धेत ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभूत झाले. हेच कृष्णन पुढे १९६० व १९६१ साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत खेळले. तेव्हा त्या हारीत कमीपणा तो कसला? तरीही नाटेकरांनी टेनिस सोडून बॅडमिंटनची हलकी रॅकेट हाती घेतली. १९५४ साली ते ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. १९५६ साली त्यांनी क्वालालंपूर येथील सेलंगोर स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद तर त्यांनी सहा वेळा मिळवले.

एवढे करून धन किती मिळाले, असे कोणी विचारील. त्या काळी दोन्ही खेळ हौशी होते. टेनिसच्या प्रमुख स्पर्धा व्यावसायिकांना १९६८ साली खुल्या झाल्या, बॅडमिंटनच्या त्याहूनही उशिरा. खेळावर पोट भरणे हे तेव्हा जणू पापच!

या समजुतीचा खरा फटका बसला तो अमेरिकेतील जिम थॉर्प यांना. मूळ अमेरिकन वंशाच्या व कॅथलिक बाप्तिस्मा झालेल्या या खेळाडूने १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. परंतु १९०९-१० मध्ये बेसबॉलसाठी किरकोळ मोबदला घेतल्याचे उघड होताच ती काढून घेण्यात आली. श्रीमंतांच्या मुलांना हौस परवडत होती; थॉर्पना ती कोठून परवडावी? मग ते उघडपणे व्यावसायिक झाले: १९१३ पासून न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉल, १९१५ पासून कँटन बुलडॉग्जकडून अमेरिकन फुटबॉल. १९५३ साली ते वारले. पदकांचा मान १९८२ साली परत मिळाला, तोही अन्य खेळाडूंबरोबर विभागून. एकमेव विजेते म्हणून नोंद व्हायला २०२२ उजाडले.

नाटेकरांच्या वाट्यास असा अन्याय आला नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी टेनिससाठी कृष्णन व बॅडमिंटनसाठी नाटेकर सन्मानित झाले. २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी सोडलेले टेनिस त्यांचे पुत्र गौरव यांनी जोपासले आणि १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्यासह दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले.