छेद आणि दुरुस्ती



माझे आयुष्य जुन्या पोथ्यांचे पाठभेद तपासण्यात गेले. लेखनिकाचा हात चुकतो आणि ती चूक पुढच्या प्रतीत उतरते. म्हणूनच शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. सजीवांच्या पेशीतही असे शुद्धीकरण अखंड चालते, हे मला उतारवयात कळले. त्या शोधाचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवतो.

अझीझ सांजार यांचा जन्म १९४६ साली तुर्कस्तानातील सावुर या लहान गावी झाला. आईवडील निरक्षर, परंतु मुलांनी शिकावे हा त्यांचा ध्यास. १९६९ मध्ये इस्तंबूल येथे वैद्यकाची पदवी घेऊन सांजार यांनी काही काळ खेड्यात रुग्णसेवा केली. पुढे ते अमेरिकेत डॅलस येथे क्लॉड रूपर्ट यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. अतिनील किरणांनी मरणपंथास लागलेले जीवाणू निळ्या प्रकाशात सावरतात. त्यांना सावरणारे विकर म्हणजे फोटोलायेज. त्याचे जनुक सांजार यांनी १९७६ मध्ये वेगळे केले.

एवढे करूनही पुढील संशोधनासाठी त्यांनी पाठविलेले तिन्ही अर्ज नाकारले गेले. तेव्हा त्यांनी येल विद्यापीठात प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची नोकरी पत्करली आणि अंधारातही चालणाऱ्या दुसऱ्या दुरुस्तीचा अभ्यास हाती घेतला. तिचा उलगडा १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. जीवाणूंमध्ये तीन विकरे मिळून डीएनएच्या बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंस छेद देतात. १२-१३ घटकांचा तुकडा निघतो आणि समोरच्या शाबूत धाग्यावरून तेवढा मजकूर पुन्हा लिहिला जातो. मानवी पेशीतही याच तत्त्वाने काम चालते. ज्या मुलांत या दुरुस्तीची जन्मजात उणीव असते, त्यांना साधे ऊनही सोसत नाही. कोवळ्या वयात त्वचेचा कर्करोग गाठतो. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सांजार यांना टोमास लिंडाल व पॉल मॉड्रिच यांच्यासमवेत मिळाले.

या इतिहासातील एक गोष्ट माझ्या मनाला लागली. केवळ छेद म्हणजे दुरुस्ती नव्हे. रिकामी झालेली जागा भरावी लागते. अनेक वर्षे मी विद्यार्थ्यांच्या चुका तांबड्या शाईने खोडल्या. तेथे काय हवे होते, ते लिहून देण्याचे कष्ट क्वचितच घेतले. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते मात्र वहीच्या समासात योग्य शब्द स्वहस्ते लिहून देत. त्यांचे ऋण मान्य करून मी आपली रजा घेतो.