यंत्राचे तापमान आणि डहाणूची खाडी

शर्यतीच्या मोटारीतील तापमापक यंत्र तापून निकामी होऊ नये, एवढ्यापुरताच असतो. बाहेर टाकलेली उष्णता हवेत विरते; तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. डहाणूस तो टाळता येईना. १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९५ मध्ये येथील ५०० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्रात वीजनिर्मिती सुरू झाली. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच विजेत उतरतो. उरलेल्यापैकी बहुतांश शीतनाच्या पाण्यात जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. तात्पर्य, यंत्रेतिहासाच्या अभ्यासकाने तापमापक कोठे ठेवला होता, हे प्रथम पाहावे. यंत्रातला मालकाचे हित सांगतो, खाडीतला मच्छीमाराचे.