एनएसलुकअप की डिग? एका छोट्या हत्याराचा इतिहास

सर्व्हरचं नाव टाकलं, पण जोडणी होत नाही. अशा वेळी लॅबमधला एखादा सिनियर म्हणतो, “एनएसलुकअप मारून बघ.” दुसरा म्हणतो, “छे, डिग वापर.” दोन्ही कमांड नावावरून आयपी पत्ता शोधतात. मग दोन कशाला? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि संशोधनाकडे वळणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.

सुरुवातीला अशा हत्याराची फारशी गरजच नव्हती. अर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ या एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. नाव सापडत नसेल तर फाइल उघडायची आणि बघायचं, विषय संपला! पण संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली.

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आता यादी एका जागी राहिली नाही. प्रत्येक संस्थेनं आपापल्या नावांचा हिशेब आपण ठेवायचा, असं ठरलं. वाढीचा प्रश्न सुटला, पण चूक शोधणं अवघड झालं. कारण उत्तर आता अनेक हातांतून येतं आणि मधल्या सर्व्हरनं साठवून ठेवलेलं जुनं उत्तरही मिळू शकतं.

बर्कली विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बाइंड हा डीएनएस सर्व्हर लिहिला. त्याच्यासोबत अँड्र्यू चेरेन्सन यांचं एनएसलुकअप आलं. ते लोकप्रिय झालं, पण त्यात एक खोड होती. तुमचा प्रश्न विचारण्याआधी ते स्वतःच्या सर्व्हरच्या पत्त्यावरून त्याचं नाव शोधायचं. ते सापडलं नाही, तर तक्रार करून बंद पडायचं. म्हणजे तुम्ही विचारलेल्या नावात काहीच दोष नसताना बिघाड दिसायचा!

पुढे स्टीव्ह हॉट्झ यांनी डिग लिहिलं. गंमत म्हणजे, त्यात एनएसलुकअपचेच काही फंक्शन्स वापरले होते. फरक पडला तो उत्तर दाखवण्यात. डिग सर्व्हरचं उत्तर जवळजवळ जसंच्या तसं समोर ठेवतं: कोणी उत्तर दिलं, ते अजून किती सेकंद साठवता येईल, स्थिती काय. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे असं नावच नाही; ‘सर्व्हफेल’ म्हणजे सर्व्हरला उत्तर मिळवता आलं नाही. पहिलं निदान नावाविषयी आहे, दुसरं शोधाच्या प्रक्रियेविषयी. ही दोन एकत्र केली की पुढचा सगळा तपास चुकीच्या दिशेनं जातो.

बाइंड ९ च्या सुरुवातीच्या काळात एनएसलुकअप निवृत्त करायचं ठरलं होतं. पण लोकांचा हात त्यावर इतका बसला होता की २००४ मध्ये बाइंड ९.३ सोबत तो निर्णय मागे घेतला गेला. म्हणून आजही दोन्ही आहेत.

मग डिग म्हणजे अंतिम सत्य का? नाही. डिग थेट डीएनएसला विचारतं. तुमचा ब्राउझर मात्र सहसा ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, आणि ती आधी मशीनवरची होस्ट्स फाइल बघू शकते. म्हणजे त्या जुन्या फाइलचं वारसदार रूप अजून आपल्या मशीनमध्ये आहे! त्यामुळे डिगचं उत्तर बरोबर आणि ब्राउझर तरी भलतीकडे, असं होऊ शकतं. लिनक्सवर ‘गेटेंट होस्ट्स’ ही कमांड सिस्टिमच्या वाटेनं जाते. दोन्ही उत्तरांची तुलना केली की गोम कळते.

हे फक्त नेटवर्कपुरतं नाही. स्पेक्ट्रोमीटर असो की सर्व्हेचा फॉर्म, प्रत्येक साधन आपण विचारलेल्या प्रश्नाआधी स्वतःचं काहीतरी गृहीत धरतं. म्हणून नोंदवहीत नुसतं उत्तर लिहू नका. कोणाला विचारलं, कोणत्या वाटेनं आणि कधी, हेही लिहा. सहा महिन्यांनी गाइडनं “हा आकडा आला कुठून?” असं विचारलं, की त्या तीन ओळीच कामाला येतात.