बेळगावचे बाबा पदमनजी आणि श्रद्धेचे प्रमाण

एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मवादांकडे आपण बहुधा सामाजिक घडामोड म्हणून पाहतो. कोणी धर्मांतर केले, कोणास ज्ञातीने वाळीत टाकले, कोणास शुद्ध करून परत घेतले, एवढ्यावर आपले कुतूहल शमते. परंतु या वादांच्या मुळाशी तत्त्वज्ञानाचा एक प्रश्न होता. एखादा धर्म ईश्वरदत्त आहे असे म्हणावयाचे, तर त्यास प्रमाण काय? सीमाभागात राहणाऱ्या आम्हा लोकांस हा प्रश्न विशेष जवळचा वाटावयास हवा; कारण ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मराठी गद्यात ज्यांनी आयुष्यभर मांडली, ते बाबा पदमनजी बेळगावचे होत.

बाबांचा जन्म १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. लंडन मिशनचे कार्य तेथे १८२० पासून चालू होते. त्या मिशनच्या शाळेत त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले व पुढे ते मुंबईस गेले. मुंबईत परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला. ईश्वर एक व निराकार आहे आणि जातिभेद त्याज्य आहे, हे त्या सभेचे मत. तेथेच थांबले असते तर बाबा सुधारक म्हणून ओळखले गेले असते. पण ते थांबले नाहीत. १८५४ च्या सप्टेंबरात, आपल्या जन्मगावीच, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हे पुढचे पाऊल कोणत्या युक्तिवादावर उभे होते? त्याचे मर्म असे सांगता येईल. बुद्धीने एक ईश्वर मानला, मूर्ती व जाती टाकल्या, तरी पापाचा प्रश्न उरतोच. ईश्वर न्यायी असेल तर पापास दंड झाला पाहिजे. दयाळू असेल तर क्षमा झाली पाहिजे. न्याय आणि दया यांचा मेळ कसा बसावा? ख्रिस्ती धर्म सांगतो की, निष्पाप ख्रिस्ताने मनुष्याचा दंड स्वतः सोसला. या सिद्धान्तासाठी मराठी ख्रिस्ती लेखकांनी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द घेतला आणि येथेच खरी अडचण उभी राहिली. धर्मशास्त्रात ज्याचे पाप त्याचेच प्रायश्चित्त. एकाने केलेल्या कर्माचे फळ दुसऱ्याने भोगणे हा कर्मसिद्धान्तावरच घाला. शब्द ओळखीचा, अर्थ मात्र अगदी अनोळखी.

या आक्षेपाचे बळ ज्यांना आतून ठाऊक होते असे गृहस्थ म्हणजे काशीस वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५). जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताची श्रेष्ठता प्रतिपादिली. त्यास पहिले उत्तर सुबाजी बापू या मराठी पंडिताने ‘सोमनाथ’ या नावाने दिले. पुढे विशीही न ओलांडलेल्या नीळकंठशास्त्र्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. जन्मतःच कोणी सुखी, कोणी दुःखी का? पूर्वजन्म न मानल्यास ईश्वरावर पक्षपाताचा दोष येतो, अशी त्यांची भूमिका होती. आश्चर्य असे की, याच पंडिताने १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या गोऱ्हे झाले.

१८६० च्या त्यांच्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात वादाची दिशा उलटली आहे. नैयायिक ईश्वर सिद्ध करतात खरे. पण परमाणू व जीव त्याच्यासारखेच अनादी मानतात. मग तो घडविणारा ठरतो, निर्माण करणारा नव्हे. सांख्य म्हणतात, असतातून सत् होत नाही. गोऱ्ह्यांचे म्हणणे असे की, हा मनुष्याच्या सामर्थ्याचा नियम सर्वशक्तिमानास लावता येणार नाही. आणि अद्वैताप्रमाणे जीव ब्रह्मच असेल, तर पाप कोणाचे व भक्ती कोणाची? वेदान्ती व्यवहार व परमार्थ असा भेद करून उत्तर देतो. गोऱ्ह्यांना ते उत्तर पटत नाही.

आता न्यायबुद्धीने पाहता, गोऱ्ह्यांचा पूर्वीचा आक्षेप येथे संपतो काय? आमच्या मते संपत नाही. शून्यातून सर्व काही निर्माण करणारा ईश्वर मानला, की आंधळ्या जन्मलेल्या बालकाचे उत्तर त्याच ईश्वरास द्यावे लागते. परमाणू व कर्म अनादी मानणाऱ्यावर हे ओझे इतके पडत नाही.

म्हणूनच वाद चालू राहिला. १८५७ च्या आरंभी विष्णुबाबा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर चर्चा केली. तिचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या प्रतिपक्षाच्या मिशनऱ्यानेच ग्रंथरूपाने छापला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गोऱ्ह्यांच्या लेखनाचा पंडिता रमाबाईंवर प्रभाव पडला. पण १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्र्यैक्याच्या सिद्धान्तावर त्या आपल्या गुरुभगिनींशी निर्भयपणे वाद घालीत राहिल्या. जोतीराव फुल्यांनी ‘निर्मिक’ मानला, परंतु कोणताही एक ग्रंथ सर्वस्वी ईश्वरदत्त मानला नाही. १८९१ च्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकाच घरात निरनिराळ्या धर्मांची माणसे प्रेमाने नांदावीत, असे चित्र त्यांनी रेखाटले.

या साऱ्यांत एक दोष वारंवार आढळतो. परधर्माच्या ग्रंथास तर्काची कसोटी लावावयाची आणि स्वतःच्या ग्रंथाशी आले की शब्दप्रमाणाचा आश्रय घ्यावयाचा. हा दोष कोणत्याही एका पक्षाचा नाही. बाबांच्या प्रचारपर लेखनात तो आहे, त्यांच्या विरोधकांतही आहे. मात्र आपल्या जुन्या शास्त्रचर्चेचा दंडक असा की, आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा, मग सिद्धान्त सांगावा. गोऱ्हे आणि बाबा दोघेही त्या पूर्वपक्षात एके काळी स्वतः उभे होते. त्यांचे लेखन जेथे त्या अनुभवाशी प्रामाणिक राहते, तेथे विरोधी मताच्या वाचकासही ते विचार करावयास लावते.

बेळगाव-निपाणीच्या मुलखात देऊळ, बस्ती, मशीद व चर्च जवळजवळ उभी आहेत. येथल्या शाळांत निरनिराळ्या घरांतील मुले एका बाकावर बसतात. त्यांना दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी नुसती सहिष्णुता शिकवून भागत नाही. ती श्रद्धा कोणत्या युक्तिवादावर उभी आहे, हे त्या माणसाला मान्य होईल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. बाबा पदमनजींचा निष्कर्ष पटो वा न पटो, त्यांनी विचारलेला प्रमाणाचा प्रश्न आपण प्रथम स्वतःला विचारावा, एवढे ऋण त्यांच्या जन्मगावाने मान्य करावयास हरकत नसावी.