किंझुआ पूल

किंझुआ पूल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, मकीन परगण्यातील माउंट ज्युएट गावाजवळ किंझुआ ओढ्याच्या दरीवर बांधलेला, १९५९ मध्ये मालवाहतुकीतून निवृत्त झालेला आणि २००३ मध्ये वादळाने अंशतः कोसळलेला लोहमार्गी पूल. लांबी ६२६ मी.; उंची सु. ९२ मी. वापर संपलेल्या बांधकामाचे जतन करताना त्याच्या दृष्टीआड राहिलेल्या भागांकडे किती लक्ष द्यावे लागते, हे या पुलाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

वायव्य पेनसिल्व्हेनियातील कोळसा, खनिज तेल व इमारती लाकूड बाहेर नेण्यासाठी या भागात लोहमार्ग टाकण्याचे काम थॉमस केन यांच्या कंपनीने हाती घेतले. दरीला वळसा घालायचा, तर सु. १३ किमी. लांबीचा जादा मार्ग खडतर प्रदेशातून न्यावा लागला असता. म्हणून सरळ दरीवर पूल बांधण्याचे ठरले. त्याचा आराखडा ऑक्टेव्ह शनूट या अभियंत्याने केला. पुढे विमानविद्येच्या क्षेत्रातही शनूट प्रसिद्धीस आला व राइट बंधूंना त्याचे मार्गदर्शन लाभले. वालुकाश्माच्या पायस्तंभांवर घडीव लोखंडाचे वीस मनोरे उभे करण्यात आले. या कामासाठी परांची बांधलीच नाही. पहिला मनोरा उभा राहताच त्याच्या माथ्यावर सरकती यारी बसवून तिच्या साहाय्याने पुढचा मनोरा उभारण्यात आला व याच क्रमाने काम पुढे गेले. सु. ४० कामगारांनी १८८२ मध्ये कामाच्या ९४ दिवसांत पूल पूर्ण केला. त्या वेळी तो जगातील सर्वांत उंच लोहमार्गी पूल होता. दोन वर्षांनी फ्रान्समधील गाराबी पुलाकडे हा मान गेला. जोराच्या वाऱ्यात व गाड्यांच्या भाराखाली पूल कंप पावत असल्यामुळे गाड्यांचा वेग ताशी ८ किमी.पर्यंत मर्यादित ठेवावा लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एंजिने खूपच जड झाली व हा पूल अपुरा पडू लागला. १९०० च्या मेमध्ये त्याच्या पुनर्बांधणीस प्रारंभ झाला. जुने लोखंडी मनोरे उतरवून त्यांच्या जागी पोलादी मनोरे उभारण्यात आले. शंभर ते दीडशे कामगार दररोज दहा तास राबून सु. चार महिन्यांत हे काम पुरे झाले व सप्टेंबरमध्ये वाहतूक पुन्हा सुरू झाली. मात्र मनोऱ्यांना पायाशी जखडून ठेवणारे १८८२ चे बोल्ट काढण्यात आले नाहीत. कॉलर-जोडण्यांच्या साहाय्याने तेच नव्या मनोऱ्यांस जोडण्यात आले. पोलाद नवे, पण त्याची पकड जुनी, अशी ही रचना होती.

शेजारच्या दुसऱ्या लोहमार्गावरून गाड्या नेण्याची सोय झाल्यावर जून १९५९ मध्ये या पुलावरील वाहतूक थांबली व तो मोडीत विकण्यात आला. परंतु खरेदीदाराने तो मोडला नाही. १९६३ मध्ये राज्यपाल विल्यम स्क्रँटन यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्यान्वये येथे राज्य उद्यान निर्माण करण्यात आले व ते १९७० मध्ये लोकांस खुले झाले. १९७७ मध्ये पुलाचा समावेश ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाला. १९८७ पासून त्यावरून पर्यटकांसाठी सहलीच्या गाड्या धावू लागल्या. पायी चालत पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन खालचे अरण्य न्याहाळणाऱ्यांची संख्याही मोठी होती.

२००२ मधील तपासणीत पोलाद गंजल्याचे आढळल्यामुळे पूल प्रथम गाड्यांस व नंतर पादचाऱ्यांस बंद करण्यात आला. फेब्रुवारी २००३ मध्ये दुरुस्ती सुरू झाली. ती चालू असतानाच २१ जुलै २००३ रोजी दुपारी टॉर्नेडोने (घूर्णवाती वादळाने) पुलास गाठले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मधले अकरा मनोरे कोसळले. कामगार आधीच सुरक्षित जागी गेल्यामुळे जीवितहानी झाली नाही. वादळ त्याच्या वर्गातील तीव्रतम नव्हते. पुलाच्या डोलण्याने पायाजवळचे गंजलेले बोल्ट व जोडण्या तुटल्या आणि मनोरे पायस्तंभांवरून उखडले गेले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. शंभर वर्षांपूर्वी तसाच ठेवलेला भागच अखेरीस निर्णायक ठरला.

पुनर्बांधणीचा अंदाजे ४.५ कोटी डॉलरचा खर्च न परवडणारा असल्याने राज्याने ती केली नाही. २००४ मध्ये पुलाचे नाव राष्ट्रीय सूचीतून वगळण्यात आले. तथापि उरलेल्यांपैकी सहा मनोरे दृढ करून त्यांवर काचेची तळजमीन असलेला निरीक्षण-सज्जा बांधण्यात आला व तो सप्टेंबर २०११ मध्ये खुला झाला. त्याच्या टोकापाशी रूळ संपतात. तेथून पडलेल्या मनोऱ्यांचे पोलाद दरीत जसे कोसळले तसेच ठेवलेले दिसते. अभंग असताना हा पूल बांधणाऱ्यांच्या कौशल्याची साक्ष देत होता. भग्नावस्थेत तो देखभालीचे महत्त्व पटवून देतो.