चारच्या पटीचा नियम

१/ चार बाइटांची संख्या मेमरीतून उचलायची, तर तिचा पत्ता चारने निःशेष भागला गेला पाहिजे. संगणकशास्त्रातील हा जुना नियम अनेकदा शिथिल झाला. तरीही तो मोडल्यामुळे आजची यंत्रे सुरू होता होताच कोसळतात. त्या नियमाचा हा इतिहास, पुण्याच्या वाटेने. 🧵

२/ नियमाचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. प्रोसेसर मेमरी सुटी सुटी वाचत नाही, ओळीने वाचतो. एका ओळीत चार बाइट असतील आणि संख्या दोन ओळींवर पसरली असेल, तर दोन फेऱ्या मारून तुकडे जोडावे लागतात. त्यासाठी जास्तीचे सर्किट लागते आणि वेळही.

३/ १९६४ साली आलेल्या आयबीएम सिस्टीम/३६० ने ही सक्ती स्पष्टपणे घातली. पत्ता चुकला की प्रोग्रॅम तिथेच थांबे. १९७० च्या सिस्टीम/३७० ने ती बहुतांशी उठवली.

४/ पुढे दोन पंथ झाले. इंटेलच्या ८०८६ ने (१९७८) चुकलेला पत्ता चालवून घेतला, फक्त वेळ जास्त घेतला. मोटोरोलाच्या ६८००० ने (१९७९) विषम पत्त्यावरून दोन बाइट मागताच थेट अपवाद उठवला.

५/ आता पुणे. आज मांजरीशेजारच्या मगरपट्ट्यापासून हिंजवडीपर्यंत संगणकाचा व्यवसाय पसरला आहे. १९८८ साली मात्र विद्यापीठाच्या परिसरात सी-डॅक नुकतीच उभी राहत होती. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथे परम ८००० साकारला आणि १९९८ मध्ये परम १००००.

६/ परम १०००० मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते आणि स्पार्क हा कडक पंथाचा. इंटेलच्या पीसीवर निमूट चालणारा सी भाषेतील प्रोग्रॅम स्पार्कवर ‘बस एरर’ हे दोन शब्द लिहून मरू शकतो. चूक आधीपासूनच प्रोग्रॅममध्ये असते. इंटेल ती झाकतो, स्पार्क ती उघडी करतो.

७/ एआरएमची तऱ्हा याहून धोकादायक. तिचे जुने प्रोसेसर चुकलेल्या पत्त्यावर थांबत नसत. ओळीतील बाइट फिरवून भलतीच संख्या हाती देत. सहाव्या आवृत्तीपासून अशा वाचनाला अधिकृत मुभा मिळाली.

८/ मार्च २०१२ मध्ये जीसीसी ४.७ हा कंपायलर आला. नव्या एआरएमसाठी ही मुभा गृहीत धरूनच तो यंत्रभाषा लिहू लागला. यू-बूटसारख्या बूटलोडरांना त्याचा फटका बसला. सी मधील ओळ निर्दोष असे. कंपायलरने तिचे केलेले रूप मात्र चुकलेल्या पत्त्याला हात घाली.

९/ कारण ही मुभा बिनशर्त नाही. ६४-बिट एआरएममध्ये ती ‘सामान्य’ प्रकारच्या मेमरीपुरतीच आहे आणि मेमरीचा प्रकार ठरवते एमएमयू. बूटच्या पहिल्या क्षणांत एमएमयू बंद असते. तोवर सारी मेमरी उपकरणाची समजली जाते आणि तिथे चुकलेला पत्ता म्हणजे हमखास फॉल्ट.

१०/ त्यातच फॉल्ट हाताळणारा कोड अजून बसवलेला नसेल, कन्सोलही जागा नसेल, तर कोणताच संदेश उमटत नाही. पडदा काळा आणि यंत्र स्तब्ध. चूक कुठे झाली, हे सांगायला कोणीच जागे नसते.

११/ उपाय मात्र साधे आहेत. बूट कोड ‘स्ट्रिक्ट-अलाइन’ पर्यायाने कंपाइल करावा. पत्त्याची खात्री नसेल तिथे बाइट एकेक करून वाचावा. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहेत. ६४-बिट एआरएमवर डिव्हाइस ट्री आठच्या पटीतील पत्त्यावरच ठेवावी, असा लिनक्सचा दंडकच आहे.

१२/ एमएमयू सुरू झाली की ही सक्ती बरीच सैल होते. त्याआधीच्या काही क्षणांत मात्र खिशातला फोनही १९६४ च्याच शिस्तीत जगतो. म्हणून ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालते’ हा पुरावा बूट कोडच्या दरबारात ग्राह्य नाही. (समाप्त)